लांडगा कोणत्या बाजूनं येतो

दीड वर्षापूर्वी घरच्या ग्रुपवर माझा एक फोटो फिरला, तो तुम्ही दोघांनी पाहिलाच आहे. इस्पितळातलं निळं बाक, त्यावर मी, मान मागे टाकलेली, तोंड सताड उघडं, चष्मा एकाच कानाला लोंबतोय आणि मांडीवर माझी नोंदवही. खाली तुमच्या आत्याने लिहिलं होतं, "इंग्रजीच्या बाई तास घेत आहेत." धाकट्याने त्यावर हसून रडणारे सात चेहरे पाठवले. मी मोजले. मोठीने तरी विचारलं, "आजी, तू बरी आहेस ना?" मृत्युपत्र करताना दोन्ही गोष्टी लक्षात ठेवीन.

मी बरी होते. मला फक्त दुसऱ्याचं औषध चढलं होतं. कसं, ते सांगते, पण क्रमाने सांगणार. तुमचे बाबा सांगतात तसं सांगायचं तर "डोक्याचा फोटो काढला, मग ऑपरेशन झालं" एवढंच होतं, आणि त्यात मजेचं सगळं गळून जातं.

ही आत्या म्हणजे तुमच्या बाबांची चुलत बहीण, माझ्या धाकट्या जावेची मुलगी. वाटूर फाट्यावर तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. ती मला मोठी आई म्हणते, आणि जितकं स्वतःच्या आईचं ऐकत नाही तितकंच माझंही ऐकत नाही. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे तिचे वडील, शेत बघतात. दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना शेतात काहीतरी राहिलेलं आठवतं. तेव्हा या गोष्टीत ते फारसे दिसणार नाहीत.

तेराव्या वर्षापासून तिला फिट यायची. आधी ओल्या घोंगडीचा वास यायचा. म्हणजे तिला एकटीला. घरात घोंगडी नाही, बाहेर कडक ऊन, तरी वास. "आली घोंगडी," म्हणायची आणि असेल तिथे खाली बसायची. मग डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत ती नसायची. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे, एक हात ओढणीचं टोक चिमटीत धरून ओढत राहायचा. मिनिट, दीड मिनिट. कधी तेवढ्यावर निभायचं, कधी अंग आखडून ती धाडकन पडायची.

आपल्याकडे यावर दोन औषधं सगळ्यांना तोंडपाठ: एक कांदा, दुसरी चप्पल. दोन्ही नाकाशी धरायची. दुकान भर फाट्यावर, त्यामुळे चपलांना तोटा नाही. एकदा ती मला म्हणाली, "मोठी आई, फिटचं काही न्हाई गं. शुद्धीवर येणं वाईट. डोळा उघडावा तं नाकापुढं कुणाचा तरी जोडा. आता मला वासावरून सांगता येतं, माणूस परतूरकडून आला का मंठ्याकडून."

मी तिला आणि गावाला शिकवायचा प्रयत्न केला: कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवा. तिने माझं सगळं व्याख्यान एका ओळीत बसवलं, लॅमिनेट केलं आणि काउंटरवर लावलं: "फिट आल्यास कुशीवर वळवावे. चप्पल आपल्याच पायात ठेवावी."

नातेवाइकांचा उपाय तिसराच होता. लग्न करून टाका, फिट जाते. यावर ती शांतपणे विचारायची, "कुठं जाते? नवऱ्याकडं?"

माझ्या परीने मी नोंदवही ठेवली होती. तारीख, वेळ, किती सेकंद, वास आला का, कोणता हात हलला, पडली का. उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या. शेवटचा रकाना तिने माझ्या नकळत वाढवला होता: "चप्पल कोणाची."

आता न्हाणीघराचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

एकटं पाण्याजवळ असताना फिट येणं धोक्याचं, म्हणून पहिल्याच वर्षी तुमच्या आजोबांनी न्हाणीच्या दाराची आतली कडी स्क्रू काढून उतरवली. दार नुसतं लोटायचं. बाहेर एक लाकडी स्टूल ठेवलं. ती आत गेली की बाहेर मी किंवा तिची आई बसायची आणि तिने आतून सतत बोलत राहायचं. आवाज थांबला की दहापर्यंत मोजायचं आणि आत शिरायचं. असा नियम. माझाच.

तेरा वर्षांच्या मुलीला हे एक वेळ चालतं. एकोणतिसाव्या वर्षी दुकान चालवणाऱ्या बाईला रोज सकाळी स्टुलावरच्या म्हातारीला ऐकू जाईल असं बोलत आंघोळ करावी लागत होती. तिने त्याचा सूड बोलण्यातूनच घेतला. आत गेली की ती माझ्यावर भाषण द्यायची. "उपस्थित बंधू-भगिनींनो, आज स्टुलावर मोठी आई हाय. कालच्या वरणात मीठ न्हवतं. आपण सगळे गप्प बसलो, कारण त्या रिटायर शिक्षिका हायत." एकदा ती मुद्दाम गप्प झाली. मी दहापर्यंत मोजलं, दार ढकललं आणि एक तांब्या पाणी माझ्या तोंडावर आलं. ती कोपऱ्यात साबणात हसत होती. मी रागावले आणि नोंदवहीत लिहिलं: "फिट नाही. उद्धटपणा."

तिच्या दुकानाच्या खणात स्टेपलरच्या शेजारी एक पितळी कडी होती, कोरी, स्क्रूसकट कागदात गुंडाळलेली. हार्डवेअरच्या दुकानातून तिने ती कधीतरी आणून ठेवली होती. मी एकदा पिना शोधताना पाहिली. खण लावून टाकला.

तीन प्रकारच्या गोळ्या झाल्या, चार डॉक्टर झाले. शेवटी आम्ही तिघी, म्हणजे मी, माझी जाऊ आणि ती, मोठ्या शहरातल्या एका इस्पितळात गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मी तिथे तोंड उघडं टाकून झोपले होते. तिथली डॉक्टर तुमच्या आईच्या वयाची. तिने माझी नोंदवही पानोपान वाचली आणि म्हणाली, "अशी वही मला रोज मिळाली तर किती बरं होईल." माझी मान ताठ झाली. मग तिने विचारलं, "पण या शेवटच्या रकान्याचा अर्थ काय?"

अडचण अशी होती की एमआरआयमध्ये मेंदू स्वच्छ दिसत होता. डोक्याला तारा लावून काढलेला आलेख कधी उजवीकडे बोट दाखवायचा, कधी डावीकडे. फिट मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होते हे पक्कं कळलं आणि ते ठिकाण काढण्याजोगं असलं, तर ऑपरेशन करता येतं. ठिकाणच सापडलं नाही तर गोळ्या खात राहायचं.

"तुम्हाला काही विचारायचं आहे?" डॉक्टरने तुमच्या आत्याला विचारलं.

"ऑपरेशन झालं तं न्हाणीला कडी लावता येईल का?"

डॉक्टरने मान वर केली. लोक विचारतात, वाचेन का, स्मरणशक्ती जाईल का. हिला कडी हवी होती. "आत्ता हो म्हणत नाही," ती म्हणाली, "पण प्रश्न लिहून ठेवते." आणि खरंच लिहून ठेवला.

मग तिने नव्या तपासणीबद्दल सांगितलं. मेंदूतल्या पेशींवर बारीक कुलपांसारख्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. पेशींना 'शांत हो' असं सांगणारं एक रसायन मेंदू स्वतः बनवतो आणि ते या कुलपांत बसतं. फिट जिथून उठते तिथे ही कुलपं बहुतेक वेळा कमी झालेली असतात. शिरेतून एक औषध द्यायचं, त्याला यंत्राला दिसेल अशी खूण लावलेली असते. ते औषध जाऊन याच कुलपांना चिकटतं. कुलपं भरपूर तिथे चित्र उजळ, कमी तिथे फिकं.

मी समजल्यासारखी मान हलवली आणि इंग्रजीत एक प्रश्न विचारला, जो मला स्वतःलाच नीट कळला नव्हता. माझी जाऊ धावडा गावाकडची, माहेरी मेंढरं. चौथीनंतर शाळा नाही. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "म्हंजे कुत्री मोजायची."

"अगं, कुत्री कुठे आली मध्येच?" मी म्हणाले.

"अक्का, तुम्ही थांबा." ती डॉक्टरकडे वळली. "रानात मेंढरं बसवली की चारी अंगानं कुत्री ठेवतेत. ज्या बाजूला कुत्री कमी, लांडगा त्याच बाजूनं येतो. आता अंधारात कुत्री दिसत न्हाईत. मंग तुम्ही काय करणार, भाकरीचे चमकते तुकडे फेकणार. जिकडले तुकडे उचलले गेले, तिकडं कुत्री हायत. जिकडले पडून राह्यले, तिकडं न्हाईत. बराबर का?"

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "बरोबर. बिलकुल बरोबर." नंतर ती दुसऱ्या एका पेशंटच्या वडिलांना हेच सांगत होती, कुत्र्यांसकट. मी माझ्या कानांनी ऐकलं. इंग्रजीतला माझा प्रश्न मात्र तिने कोणाला सांगितला नाही.

एक अट होती. आत्या रोज सकाळी जी छोटी पांढरी गोळी घ्यायची ती याच कुलपांत जाऊन बसते. ती पोटात असली तर तपासणीचं औषध बसणार कुठे? म्हणून ती हळूहळू कमी करत पूर्ण बंद करायची, बाकीच्या गोळ्या चालू. आपल्या मनाने काही करायचं नाही, त्यांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणेच.

"कुत्र्याच्या तोंडात आधीच भाकर असल तं ते नवा तुकडा काहून उचलल?" माझी जाऊ म्हणाली. म्हणजे कळण्यात तिची काहीच चूक नव्हती. हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. हे तपासणीचं औषध बाटलीत येत नाही. त्याच इस्पितळाच्या तळघरात एका यंत्रावर ते त्या दिवशी, त्या माणसासाठी बनवतात आणि वीस मिनिटांत त्याचा जोर निम्मा होतो.

"म्हंजे भजी," आत्या म्हणाली. "कढईतून काढली की खायची."

घरी आल्यावर मी तक्ता भिंतीला लावला. गोळी कमी होत गेली, मग बंद. बंद झाल्यावर फिट वाढतील अशी भीती होती, पण चौदा दिवसांत एकच आली, तीही बसल्या बसल्या. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे अभिमानाने बघायची. शिस्त असली की आजारसुद्धा वचकून असतो, असं मी तुमच्या आजोबांना म्हणालेसुद्धा. त्यांनी सुपारी कातरत म्हटलं, "तू म्हणतीस तं असल."

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आत्या लहान असताना गोळी कडू म्हणून थुंकायची, तेव्हा तिची आई गोळी गुळाच्या खड्यात दाबून तिला भरवायची. पुढे ती गोळ्या स्वतः गिळू लागली, पण गूळ राहिला. उंबरा ओलांडण्याआधी आईच्या हातचा गुळाचा खडा तोंडात आणि न चावता पोटात. दुकानाला जाताना, बाहेरगावी जाताना, परीक्षेला जाताना. सोळा वर्षं. तिकडे कोणाचं लक्षही जात नव्हतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघी सकाळी इस्पितळात निळ्या बाकावर बसलो होतो. सिस्टर येऊन सांगून गेली की तळघरात अर्ध्या तासात औषध बनवायला घेतील, तोवर पेशंटने काही खायचं नाही. सिस्टरची पाठ वळली आणि माझ्या जावेने पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा काढला आणि हळूच लेकीच्या हाताकडे सरकवला.

मी तो मधल्या मध्ये पकडला. "आत्ताच सांगून गेली ना ती? काही खायचं नाही."

"एवढासा तर हाय, अक्का."

"एवढासा असो नाहीतर तेवढासा. नियम म्हणजे नियम."

आता खडा माझ्या हातात. फेकून देणं पटेना, अन्न आहे. परत दिला तर ती पुन्हा सरकवणार. आणि खरं सांगायचं तर मी पहाटेपासून उपाशी होते. मी तो तोंडात टाकला आणि चावला.

माझ्या जावेचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "अक्का, थुका!"

"का? गूळच आहे ना?" थोडा कडसर लागत होता.

"आवं थुका म्हणते ना! जल्दी थुका!" ती उभी राहिली. बाकावरचे सगळे आमच्याकडे बघायला लागले. भर इस्पितळात, चकचकीत फरशीवर, निवृत्त शिक्षिकेने थुंकायचं? मी नीट चावलं आणि गिळलं.

ती मटकन बसली. "त्यात अर्धी गोळी हाय."

सगळ्यात आधी आत्या बोलली. अगदी हळू. "आई?"

"पोटभर न्हाई दिली गं. अर्धीच."

"किती दिवस?" मी विचारलं.

"रोजच." मग माझ्याकडे बघून, "तुमच्या वहीत असल की."

माझ्या वहीत नव्हतं. माझ्या वहीत चौदा दिवस लाल पेनाने 'बंद' लिहिलेलं होतं, प्रत्येक दिवशी, खाली सही.

"पण तुला तर सगळ्यांत चांगलं कळलं होतं!" मी म्हणाले. "कुत्री, भाकरी, सगळं तूच सांगितलंस!"

"मंग त्याच्यामुळंच." तिचा आवाज चढला. "लांडगा येणार ठाव हाय, आन् कुत्रं उपाशी ठेवायचं? कोणचा मेंढक्या असं करतो, सांगा! पोटभर नसंल तरी तुकडा टाकतेतच. मोजणारे मोजतेन. मेंढरू माझं हाय."

तुमच्या आत्याला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. ती उठली आणि पळतच सिस्टरकडे गेली. सिस्टरने तळघरात फोन केला. यंत्र अजून सुरू व्हायचं होतं.

डॉक्टर आली. आधी तिने माझी नाडी बघितली आणि मला तिथेच बसवून ठेवायला सांगितलं. मग माझ्या जावेसमोर बसली. ओरडली नाही. "हे आज कळलं नसतं," ती म्हणाली, "तर चित्रात सगळीकडेच कुत्री कमी दिसली असती. खरी बाजू त्यात लपली असती. मी म्हणाले असते, काही सापडत नाही, घरी जा." माझ्या जावेने हात जोडले. डॉक्टरने ते खाली केले आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

त्यापुढचं मला आठवत नाही, ते ऐकीव आहे. म्हणतात की मी उठून दारावरच्या रखवालदाराला इंग्रजीत शर्ट आत खोचायला सांगितलं आणि त्याने खोचला. मग मी बाकावर बसले आणि तो फोटो झाला. वयाप्रमाणे गोळी चढते, बाळांनो. अर्धीसुद्धा.

घरी आल्यावर माझ्या जावेने त्या पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं डब्यात घातली, डबा कपाटात आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुमच्यापाशी ठेवा, अक्का. माझा हात माझ्या ताब्यात न्हाई."

किल्ली मी गळ्यातल्या साखळीत अडकवली. मला वाटलं, आता किल्ली योग्य माणसाकडे आली.

मग गोळी खरोखरच बंद झाली आणि फिट खरोखरच आल्या. पहिल्या आठवड्यात चार. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारी दुकानातून फोन आला. ती झेरॉक्सच्या मशीनच्या कोपऱ्यावर पडली होती, हनुवटी फुटली होती. सातबाऱ्याची प्रत घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने तिला कुशीवर वळवलं होतं, घड्याळ बघितलं होतं आणि चप्पल स्वतःच्याच पायात ठेवली होती. भिंतीवर तसं लिहिलंच होतं ना, म्हणाला. हनुवटीला तीन टाके पडले. ती घरी आली, पडवीत आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "मोठी आई, अजून किती दिवस?"

"नऊ," मी म्हणाले.

आणि मग, मुलांनो, मी आत गेले. साखळीतली किल्ली काढली. कपाट उघडलं. डबा बाहेर काढला. मी स्वतःला सांगत होते की नुसती पाकिटं तपासायची आहेत. पण माझ्या दुसऱ्या हातात गूळ होता. तो मी कधी घेतला, ते आजही मला सांगता येणार नाही.

मागून कोणीतरी माझं मनगट धरलं. माझी जाऊ. हात पिठाचे.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्हीच म्हणल्ता ना, नियम म्हंजे नियम?"

तिने माझ्या हातातून गूळ घेतला, अर्धा मोडला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. आम्ही दोघींनी कपाटापुढे उभं राहून गूळ खाल्ला. मग तिनेच कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पदराला बांधली. हे नोंदवहीत नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

दुसऱ्या खेपेला गूळ घरीच राहिला. आत्याला यंत्रात निजवलं, औषध शिरेत गेलं, तासाभराने ती बाहेर आली आणि म्हणाली, "भजी गरम होती." दोन दिवसांनी डॉक्टरने आम्हाला पडद्यापुढे बसवलं. मेंदू पिवळा-नारिंगी उजळलेला, सणाला दिवे लावलेल्या गावासारखा. फक्त उजव्या कानाच्या आत, जरा खोलवर, एक गल्ली अंधारात होती.

डॉक्टर काही बोलायच्या आत माझी जाऊ पडद्याशी गेली आणि बोट ठेवलं. "ही बघा. इथं कुत्री न्हाईत."

"मला वाटतं तीच," डॉक्टर म्हणाली. "पण लगेच चाकू घेत नाही. आणखी खात्री करू."

खात्री करायला काही महिने गेले. तारा, परीक्षा, प्रश्न, बैठका. सगळ्यांची बोटं शेवटी त्याच गल्लीकडे वळली, आणि ऑपरेशन झालं. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तुमचे धाकटे आजोबा त्या दिवशी पहिल्यांदा शेत सोडून आले आणि पाच तास निळ्या बाकावर बसले, एवढंच सांगते.

ती घरी आली तेव्हा उजव्या बाजूचे केस भादरलेले होते. तुमच्या आजोबांनी तिला उजेडात उभं केलं, सगळीकडून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "कात्री कुणी धरल्ती? जागोजाग टप्पे सोडलेत. असं मेंढरू आमच्या बापानं बाजारात उभं केलं नसतं." ती टाके सांभाळत हसली. घरी आल्यानंतरचं तिचं पहिलं हसू.

मग दिवस मोजणं सुरू झालं. गोळ्या चालूच होत्या, अजूनही आहेत. महिना गेला, तीन गेले, सहा गेले. नोंदवहीत नुसत्या रेघा. सातव्या महिन्यात एका सकाळी ती पडवीत थबकली, नाक वर केलं आणि म्हणाली, "घोंगडीचा वास."

माझ्या हातातला कप पडला. माझी जाऊ चुलीपासून धावली. दोघींनी मिळून तिला खाली बसवलं, उशी दिली, मी घड्याळ काढलं. ती डोळे मिचकावत बसून राहिली. ओठ हलेनात, हात हलेना. मिनिट गेलं, दोन गेली.

"आगं, पण खरंच वास येऊन राह्यलाय," ती म्हणाली. "तुम्हाला येत न्हाई का?"

आम्ही हुंगलं. येत होता. परसात तुमच्या आजोबांनी टेंभुर्णीच्या बाजारातून आणलेली नवी घोंगडी बादलीत भिजत घातली होती. आम्ही तिघी बाहेर गेलो तेव्हा ते वर बघून म्हणाले, "काय झालं? काळी आवडली न्हाई का?" त्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत चहा मिळाला नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरने जुना कागद काढला. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'कडी?' ती म्हणाली, "आता हो. पण बाहेरूनही उघडता येईल अशी. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

घरी आल्यावर आत्याने दुकानाच्या खणातली पितळी कडी आणली, कागद सोडला आणि आजोबांच्या पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून दाराला भोकं पाडली आणि कडी बाहेरून सुतळी ओढून उचलता येईल अशी फट केली. ती सुतळी, अर्थातच, मी धरणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टॉवेल घेऊन आत गेली. मी सवयीने स्टुलावर बसले. दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. एवढासा खट्ट आवाज, पण स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. माझी जाऊ दारात येऊन उभी राहिली.

आत पाणी पडत होतं. भाषण नव्हतं. वरणात मीठ नसल्याची तक्रार नव्हती. मग पाण्याचाही आवाज थांबला.

मी मोजायला लागले. चार, पाच, सहा. जावेने पदर मुठीत धरला. आठ, नऊ. दहा. सुतळी माझ्या बोटांत होती. मी ओढली नाही. अकरा, बारा, तेरा. इतकं मोजायची मला सवय नव्हती. सतराला माझा धीर सुटला आणि मी मान वर केली, हाक मारायला.

दाराच्या वरच्या झरोक्यातून अख्खं तांब्याभर पाणी माझ्या तोंडावर आलं.

"मोठी आई," आतून आवाज आला, "ऊठ तिथून. घरात काम न्हाई का तुला?"

माझी जाऊ पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. मी चष्मा पुसला, स्टूल उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. वरच्या फळीवरचे डबे काढायला ते बरं पडतं.

मग वही उघडली आणि त्या दिवसाची नोंद केली. सकाळी सात वाजून वीस मिनिटं. फिट नाही. कडी लागते. मोठी आई ओली.